तुम्ही विचारलंत म्हणून: टायमिंग चेन घरी बदलता येते का?

मी गाडीची टायमिंग चेन घरीच बदलतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "हे घरी जमतं?" विचारणाऱ्याच्या गाडीचं इंजिन बहुतेक वेळा सकाळी खडखडायला लागलेलं असतं, किंवा गॅरेजमध्ये कुणीतरी "चेन गेली" असं सांगितलेलं असतं.

जमतं. ज्याला नट-बोल्टची सवय आहे, ज्याच्याकडे त्याच इंजिनचं सर्व्हिस मॅन्युअल आहे आणि जो गाडी हवी तितके दिवस उभी ठेवू शकतो, त्याला जमतं. यातली तिसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सोमवारी त्याच गाडीने कामावर जायचं असेल तर शनिवारी हे काम काढू नका. घाईत माणूस खुणा नजरेने जुळवतो आणि पुढे जातो. हे काम नेमकं तिथेच फसतं.

चेन करते काय, ते आधी नीट समजून घ्या. पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँकशाफ्ट आणि हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडतो तो कॅमशाफ्ट, या दोघांना ती जोडते. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक झाला पाहिजे, म्हणून कॅमच्या स्प्रॉकेटला (दातेरी चाकाला) क्रँकच्या स्प्रॉकेटपेक्षा दुप्पट दात असतात. आत ओढणं, दाबणं, जळणं आणि बाहेर टाकणं हे चारही स्ट्रोक मिळून क्रँक ७२० अंश फिरतो आणि तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. आजच्या बऱ्याच इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह जिथवर खाली येतो, तिथवर पिस्टनही वर येतो. जागा एकच, वेळा वेगळ्या. चेन एखाद-दुसरा दात चुकली तर इंजिन ओढत नाही, रफ चालतं, चेक इंजिनचा दिवा लागतो. जास्त चुकली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवावं लागतं.

चेन "ताणली" असं आपण म्हणतो, पण लोखंड रबरासारखं लांबत नाही. प्रत्येक कडीची पिन आणि बुश झिजतात, कडीगणिक केसभर फट पडते आणि सगळ्या कड्यांची मिळून चेन लांब होते. ही ढील टेन्शनर, म्हणजे चेन दाबून ताठ ठेवणारा भाग, घेत राहतो. तो बहुतेक ठिकाणी तेलाच्या दाबावर चालतो. म्हणून रात्रभर उभ्या गाडीत, दाब तयार व्हायच्या आत, पहिले काही सेकंद खडखड ऐकू येते. पण खडखड ऐकली म्हणून लगेच किट मागवू नका. आधी तेलाची पातळी पाहा, तेल कधी बदललं होतं ते आठवा. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी००१६ हा कोड क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही एवढंच सांगतो. त्याला चेन जबाबदार असू शकते, तसाच सेन्सर किंवा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हही (तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हच्या वेळा पुढे-मागे करणारा). काही इंजिनांत टेन्शनरचा दांडा किती बाहेर आलाय ते मोजता येतं. येत असेल तर मोजाच.

आणि बदलायचीच ठरली तर नुसती चेन बदलू नका. टेन्शनर, गाइड (चेन जिच्यावरून घसरते ती पट्टी), पुढचं ऑइल सील हे सगळं एकदमच बदला, कारण तिथवर पोचण्यातच बहुतेक मेहनत जाते. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवणं म्हणजे तिचं आयुष्य पहिल्याच दिवशी कमी करणं.

बेल्ट, पुली, इंजिन धरून ठेवणारा माउंट, कव्हर या उतरवण्याच्या कामावर फार बोलत नाही. मॅन्युअलमध्ये क्रम दिलेला असतो. माउंट काढताना इंजिनखाली जॅक आणि लाकडी ठोकळा हवा, बॅटरी सुटी हवी, प्रत्येक बोल्ट कुठला ते लिहून ठेवलेलं हवं. थांबायचं ते क्रँक पुलीच्या बोल्टपाशी. तो भयंकर घट्ट असतो. टायमिंग धरून ठेवायच्या लॉकिंग पिनेच्या भरवशावर तो सोडवू नका. ती पिन जागा दाखवायला असते, जोर झेलायला नाही. पुली धरायचं वेगळं टूल लागतं. दुसरी गोष्ट, काही इंजिनांत क्रँकच्या स्प्रॉकेटला चावी (त्याला शाफ्टवर फिरू न देणारी छोटी खुंटी) नसते, तो फक्त या बोल्टच्या दाबावर धरलेला असतो. बोल्ट सैल झाला की टायमिंगही सैल झालं. तुमचं इंजिन तसं आहे का, हे पाना लावण्याआधी माहीत हवं. आणि एकदाच वापरायचा म्हणून सांगितलेला बोल्ट परत लावू नका. तो ठरलेल्या टॉर्कनंतर (मोजून आवळण्याच्या जोरानंतर) काही अंश आणखी फिरवून मुद्दाम ताणलेला असतो.

नवी चेन चढवताना रंगीत कड्या स्प्रॉकेटच्या खुणांवर येतात. पक्क्या गाइडची बाजू ताठ ठेवायची आणि सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला जाऊ द्यायची. टेन्शनर दाबून पिन घालून बसवायचा, आणि बोल्टांना टॉर्क दिल्यावर ती पिन काढायची. ती काढली का, हे पुन्हा पाहा.

मग माझ्या मते या कामाचा गाभा येतो. स्पार्क प्लग काढून, लांब पान्याने क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, इंजिन चालतं त्याच दिशेने. उलटं फिरवलं तर ढील भलत्या बाजूला जाऊन चेन दात सोडू शकते. दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, म्हणजे एकूण एक व्हॉल्व्ह उघडून मिटतो. कुठे काही आदळणार असेल तर ते इथे, तुमच्या हाताखाली, कळतं. प्लग काढलेले असल्यामुळे कॉम्प्रेशनचा विरोध नसतो. तेव्हा पाना कुठे टणक अडला तर जोर लावायचा नाही, थांबायचं आणि चेन परत उतरवायची. दोन फेऱ्यांनंतर स्प्रॉकेटच्या खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. रंगीत कड्या मात्र जुळणार नाहीत, त्या पुढे सरकलेल्या असतात. इथे अनेक जण घाबरतात आणि बरोबर बसलेली चेन उतरवतात. मी ही तपासणी एकदा करून थांबत नाही. स्टार्टर मारल्यावर कळण्यापेक्षा हाताने कळलेलं फार स्वस्त.

कव्हर लावण्याआधी चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचा, विचार करा. जुन्या गाइडचे तुकडे जुळवून पाहा. एखादा तुकडा सापडत नसेल तर तो खाली गेला आहे असं धरा आणि चेंबर उतरवा, कारण तो तेल ओढणाऱ्या जाळीत अडकला तर पूर्ण इंजिन जातं. कव्हरच्या सांध्याला लावायचं सिलिकॉनही जाड थापू नका. दबून आत आलेली जास्तीची पट्टी तुटून त्याच जाळीत पोचते. मॅन्युअलने सांगितला तितका वेळ ते सुकू द्या.

चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असेल आणि त्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स बाहेर काढावा लागत असेल, तर मी घरी करू नका असंच सांगतो. लिफ्ट नसताना तेवढं वजन हाताळणं जिवावर बेतू शकतं.

पहिल्या स्टार्टआधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत इंजिन थांबत थांबत नुसतं फिरवा. नवा टेन्शनर रिकामा असतो, त्यामुळे सुरुवातीचा थोडा आवाज चालतो. तो थांबायला हवा. नाही थांबला तर लगेच बंद करा. पुढचं तेल मी नेहमीपेक्षा बरंच लवकर काढतो आणि जुना फिल्टर कापून उघडतो. त्याच्या घड्यांत प्लॅस्टिकचे कण किंवा सिलिकॉनचे धागे दिसले तर चेंबर पुन्हा खाली उतरवतो.