रोब्सनवर बोलण्याच्या आदल्या रात्री

८ एप्रिल, रात्री अकरा

उद्या संध्याकाळी वाचनालयात पॉल रोब्सन या काळ्या अमेरिकन गायक-नटावर पंचवीस मिनिटे बोलायचे आहे. उद्या त्याचा जन्मदिवस. ९ एप्रिल १८९८ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, प्रिन्स्टन गावी तो जन्मला. टिपणे दुपारीच तयार झाली, परंतु त्यांतले एक पान मी सकाळपासून दोनदा काढले आणि दोनदा परत लावले. ते ठेवावे की गाळावे याचा निर्णय होत नाही, म्हणून ही वही उघडली आहे.

बाकीची पाने सोपी आहेत, कारण त्यांत माणूस सरळ वर चढत जातो. वडील गुलामगिरीत जन्मलेले. पंधराव्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या मळ्यातून पळाले आणि पुढे चर्चमध्ये धर्मोपदेशक झाले. आई आगीत भाजून गेली तेव्हा पॉल सहा वर्षांचाही नव्हता. रटगर्स महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळवून तो गेला, तेव्हा फुटबॉलच्या सरावात त्याच्याच संघातल्या गोऱ्या मुलांनी त्याचे नाक फोडले, खांदा निखळवला आणि एकाने बुटाने हाताची नखे उखडली. पुढे तोच संपूर्ण देशातल्या निवडक खेळाडूंमध्ये गणला गेला आणि पदवीदान समारंभात वर्गाच्या वतीने भाषणालाही उभा राहिला. कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, पण कचेरीतल्या गोऱ्या लघुलेखिकेने काळ्या माणसाकडून मजकूर उतरवून घ्यायला नकार दिला आणि त्याने तो व्यवसायच सोडला. एरवी कदाचित एक चांगला वकील एवढीच त्याची ओळख राहिली असती.

मला स्वतःला ओढ आहे ती त्याच्या आवाजाची. असा खर्ज मी क्वचितच ऐकला आहे. तळातल्या स्वरांवरही आवाज गढूळ होत नाही, शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येतो. १९२५ मध्ये लॉरेन्स ब्राउनच्या साथीने त्याने न्यूयॉर्कमध्ये संपूर्ण कार्यक्रम केला तो फक्त काळ्या लोकांच्या गाण्यांचा, म्हणजे गुलामांनी शेतांत आणि प्रार्थनेत गायलेल्या गीतांचा. त्यांना मैफलीत स्थान देणे हीच मोठी गोष्ट होती. पुढे १९२८ मध्ये लंडनला एका संगीत नाटकात त्याने मिसिसिपी नदीवरचे 'ओल मॅन रिव्हर' हे गाणे म्हटले आणि जन्मभर ते त्याला चिकटले. मूळ गाण्यातला हमाल जगण्याला कंटाळलेला आणि मरणाला भ्यालेला आहे. रोब्सनने तीसच्या दशकात, स्पेनच्या यादवी युद्धाच्या सुमारास, ती ओळ बदलली. त्याचा हमाल मरेपर्यंत लढत राहण्याची भाषा करू लागला. चाल तीच राहिली, आणि श्रोते जे हळवे गाणे ऐकायला येत त्याच गाण्यातून त्यांना दुसरेच काही ऐकावे लागे. उद्या दोन्ही ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ वाजवायची आहेत.

ऑथेल्लोविषयी थोडक्यातच बोलेन. १९४३ साली ब्रॉडवेवर गोऱ्या नटांच्या सोबत एक काळा नट ती भूमिका करतो ही तेव्हा अपूर्व गोष्ट होती. त्याचे २९६ प्रयोग झाले, आणि शेक्सपिअरच्या कोणत्याही नाटकाचे ब्रॉडवेवर सलग इतके प्रयोग आजवर झालेले नाहीत.

मग १९५० येते आणि सरकार त्याचा पासपोर्ट रद्द करते. कारण विचारले तर कम्युनिस्टांशी जवळीक हे मुख्य, पण न्यायालयात सरकारी बाजू मांडताना आफ्रिकेतल्या वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी तो फार सक्रिय आहे हेही लिहून दिले गेले. जो गुन्हा म्हणून नोंदवला जात होता त्याचे आपल्याकडे स्वागतच झाले असते. १९३८ मध्ये लंडनमधल्या सभेत नेहरूंच्या स्वागताला तो उभा होता. आणि १९५८ मध्ये त्याच्या साठीनिमित्त भारतात जी समिती बनली तिचे अध्यक्षपद मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे होते, तेही अमेरिकेची नाराजी पत्करून.

कॅनडात जायला अमेरिकनांना पासपोर्ट लागत नसे, तरीही जानेवारी १९५२ मध्ये त्याला सीमेवर ब्लेन गावी अडवले गेले. व्हँकुव्हरला खाण कामगारांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. तो टेलिफोनवरून गायला. मग १८ मे रोजी संघटनेने सीमेवरच, दोन्ही देशांच्या मध्ये असलेल्या कमानीच्या बागेत, एका उघड्या ट्रकवर मंच उभारला आणि अमेरिकेच्या भूमीवर उभा राहून तो हजारो माणसांसमोर गायला. १९५७ मध्ये अटलांटिकखालच्या टेलिफोनच्या तारेवरून त्याने आधी लंडनला आणि नंतर वेल्समधल्या खाण कामगारांना गाणी ऐकवली. सभागृहे बंद, ध्वनिमुद्रणे बंद. १९४७ मध्ये वर्षाला लाखाच्या वर डॉलर मिळवणाऱ्या या गायकाचे उत्पन्न काही हजारांवर आले होते.

आता ते पान. जून १९४९ मध्ये रोब्सन मॉस्कोत होता आणि त्याने आपला जुना मित्र, यिद्दिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला कवी इत्झिक फेफर याला भेटण्याचा हट्ट धरला. फेफर कैदेत होता; त्याला नीटनेटके करून हॉटेलच्या खोलीत आणले गेले. रोब्सनच्या मुलाने पुढे सांगितले की खोलीत चोरून ऐकणारी यंत्रे आहेत हे फेफरने खुणांनी कळवले, आणि आपले काय होणार हेही. त्यानंतर मॉस्कोतल्या मैफलीत रोब्सनने फेफरचे नाव घेऊन मैत्रीचा उल्लेख केला आणि वॉर्सातल्या ज्यूंच्या उठावाचे गीत यिद्दिशमध्ये गायले. तेवढे धैर्य त्याने दाखवले. पण अमेरिकेत परतल्यावर पत्रकारांनी विचारले तेव्हा रशियातल्या ज्यूंच्या छळाविषयी तो काही बोलला नाही, उलट नाकारले. १२ ऑगस्ट १९५२ रोजी फेफरला गोळी घातली गेली. त्याच वर्षाच्या स्टालिन पारितोषिकासाठी रोब्सनचे नाव जाहीर झाले आणि त्याने ते स्वीकारले.

त्याच्या बाजूने सांगता येते ते मी जाणते. १९४९च्याच ऑगस्ट-सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळच्या पीकस्किल गावी त्याच्या कार्यक्रमावर आणि श्रोत्यांवर दगडांनी हल्ले झाले. रशियाविषयी तो एक वाक्य बोलला असता तर ते त्याच्याच लोकांविरुद्ध वापरले गेले असते. हे खरे आहे, आणि तरी फेफर मेला. १९५६ मध्ये अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे हाच माणूस ताठ उभा राहून, आपला बाप गुलाम होता आणि हा देश उभारताना आपले लोक मेले, म्हणून आपण इथेच राहणार, असे सांगू शकला. ज्याला ते जमले त्याला दुसरेही जमले असते, असे मला वाटते. हे पान वाचताना सभागृहातल्या काहींना राग येईल. मलाही सकाळी लिहिताना आला होता, आणि तो कोणावर हे नक्की सांगता आले नाही.

पान ब्लेनच्या आधी लावले आहे, कारण तारखेनेही ते तिथेच येते. घड्याळ लावून सगळे मोठ्याने वाचून पाहिले तर एकोणतीस मिनिटे झाली. म्हणजे फुटबॉल गाळावा लागेल.