स्क्रीन बंद असताना ॲप काय करतं? बॅटरी वाचवण्याचा माझा अनुभव

तक्रारी एकाच धाटणीच्या होत्या. रात्रभर फोनला हात लावला नाही, तरी सकाळी बॅटरी बरीच उतरलेली. आणि सेटिंगमधल्या बॅटरीच्या यादीत आमचं ॲप अगदी वर. नोंदी आणि फोटो सर्व्हरवर चढवणारं हे अँड्रॉइड ॲप. दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं.

कोडला हात लावण्याआधी मोजमाप घेतलं. बॅटरीच्या बाबतीत अंदाज फार फसवतात, त्यामुळे ही पायरी कुणी गाळू नये असं मला मनापासून वाटतं. ‘डंपसिस बॅटरीस्टॅट्स’ या बॅटरीचा हिशेब दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या आज्ञेचे जुने आकडे पुसले, केबल काढली (चार्जिंग चालू असताना मोजण्यात अर्थ नाही), फोन रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी अहवाल काढला. पाठवलेला डेटा किरकोळ होता, पण फोन जागा होण्याच्या वेळा खूप. दर थोड्या वेळाने ॲपने लावलेला अलार्म आवाज न करता फोनला उठवायचा, वेकलॉक (फोनला झोपू न देणारं कुलूप) घेतला जायचा, सर्व्हरला ‘काही नवीन आहे का?’ विचारलं जायचं. मोबाइल डेटाचा रेडिओ काम संपल्यावरही काही सेकंद जागाच राहतो. त्यामुळे चिमूटभर माहितीच्या अनेक फेऱ्यांपेक्षा सगळं साठवून केलेली एक फेरी कितीतरी स्वस्त पडते.

मग प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न लिहिला: हे आत्ताच का? खरा वेळ इथेच गेला, कारण ज्याला त्याला आपलं काम तातडीचं वाटत होतं. बरीच चर्चा झाल्यावर फोटो वाय-फाय मिळेपर्यंत थांबू शकतात हे ठरलं. संदर्भयाद्या चार्जिंगच्या वेळी येतील. सर्व्हरला सारखं विचारणं बंद; नवीन काही असेल तर पुश नोटिफिकेशन येईल. तातडीचं उरलं ते फक्त वापरणाऱ्याने स्वतः ‘पाठवा’ दाबलेलं.

एवढं ठरल्यावर कोड सोपा होता. सगळी कामं वर्कमॅनेजरकडे, म्हणजे अशी कामं योग्य वेळी करून घेणाऱ्या अँड्रॉइडच्या लायब्ररीकडे दिली आणि प्रत्येकाला नेटवर्क, चार्जिंग, बॅटरी यांच्या अटी लावल्या. अपयश आलं की पुढचा प्रयत्न दरवेळी दुप्पट अंतराने. सर्व्हर बंद पडल्यावर हजारो फोन एकदम त्याच्यावर तुटून पडू नयेत, यासाठीही हे हवंच.

चाचणीत मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. ठरावीक अंतराने होणाऱ्या कामाला वर्कमॅनेजर किमान 15 मिनिटांचं अंतर मागतो, पण काम दर 15 मिनिटांनी होईलच याची हमी देत नाही. 2015 मध्ये अँड्रॉइड 6 सोबत डोझ ही फोनच्या गाढ झोपेची सोय आली. पडून राहिलेल्या फोनची कामं ती मागे ढकलते. 2018 च्या अँड्रॉइड 9 पासून ॲप कितपत वापरात आहे त्यावरून त्याचा गट ठरतो, आणि क्वचित उघडलेल्या ॲपला कमी संधी मिळतात. ‘डंपसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल’ ही आज्ञा देऊन डोझ मुद्दाम लावता येतं. मी प्रत्येक काम तसं तपासलं.

बॅटरीच्या निर्बंधांतून सूट मागणारी चौकट वापरणाऱ्याला स्क्रीनवर दाखवावी, असाही आग्रह झाला. मी ठाम नकार दिला. फोटो उशिरा चढले तरी चालणार होतं; त्यांच्यासाठी कुणाच्या फोनची झोप मोडायची गरज नव्हती.

त्याऐवजी स्क्रीनवर ‘शेवटचं सिंक’ची वेळ दिली आणि शेजारी ‘आता पाठवा’ बटण. काही फोन बॅकग्राउंडमधली ॲप्स कडकपणे बंद करतात; तिथे राहिलेल्या नोंदी ॲप पुन्हा उघडताच सगळ्यात आधी जातात.