पीटी व्हिस्की आणि पीपीएमचं भूत

आमच्या नाशकात वाईनवर कोणीही बोलतं, दिंडोरीची जमीन कशी, यंदा थंडी किती पडली, गोडी कधी धरते, सगळं तोंडपाठ. पण याच मंडळींसमोर स्कॉटलंडच्या आयला बेटाची (हसू नका, उच्चार असाच आहे) पीटी, म्हणजे धुरकट, सिंगल मॉल्ट व्हिस्की ठेवा, पहिला वास घेतला की "अरे हे डेटॉल आहे" म्हणून ग्लास बाजूला. आता खरं सांगायचं तर त्यांचं फार चुकत नाही, तो वास फेनॉल्सचा असतो, क्रेसॉल, ग्वायाकॉल वगैरे, आणि जुन्या जंतुनाशकांमध्येही याच कुळातली रसायनं असायची. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा आयलाचीच लाफ्रोएग म्हणे औषध म्हणून विकली जायची. वास घेतल्यावर पटतं.

बऱ्याच जणांना वाटतं हा धूर जळक्या लाकडी पिंपातून येतो. तसं नाही. मोड आणलेली बार्ली (हेच ते मॉल्ट) ओलसर असतानाच खालून पीट जाळून धूर देतात आणि तो धूर दाण्याच्या सालीला चिकटतो. वांगं चुलीवर भाजलं की भरतात धूर आधीच उतरलेला असतो ना, तसंच, नंतर कितीही परता तो राहतोच. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजत दबलेलं शेवाळ, गवत, हेदरची झुडपं. वर्षाला साधारण एक मिलिमीटर थर वाढतो, म्हणजे मीटरभर खोल खणलं की हजारेक वर्षं मागे गेलात.

आणि हे काही कोणी चवीसाठी शोधून काढलेलं नाही. बेटावर झाडं कमी, जळायला होतं ते पीटच. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर रेल्वे आली, कोळसा, कोक सहज मिळायला लागला तसे तिथले बरेचसे कारखाने पीटपासून लांब गेले, बेटावर मात्र तोच धूर राहिला. नाइलाजाची गोष्ट पुढे दीडशे-दोनशे वर्षांनी प्रीमियम झाली. बोमोर १७७९ ची, अर्डबेग आणि लाफ्रोएग १८१५, लागावुलिन १८१६, सगळ्या त्याच बेटावरच्या. लाफ्रोएगमध्ये बेसी विल्यमसन नावाची बाई १९३४ ला उन्हाळ्यापुरती टायपिस्ट म्हणून आली आणि १९५४ ला मालक वारला तेव्हा अख्खा कारखाना तिच्या नावावर झाला. त्या काळात, त्या धंद्यात!

आता माझं खरं दुखणं, पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत फेनॉल्सचे भाग किती. हल्ली आपल्याकडेही पोरं "किती पीपीएमची आहे" विचारतात, मिरचीचा तिखटपणा विचारावा तसं. आयलाचीच ऑक्टोमोर ८.३ तर ३०९ पीपीएमची निघाली होती. पण हा आकडा बहुतेक वेळा बार्लीचा असतो, बाटलीतल्या दारूचा नाही. लागावुलिन आणि काओल इला दोघींचं मॉल्ट पोर्ट एलनच्या एकाच मॉल्टिंगमधून (बार्लीला मोड आणून धूर देतात तो कारखाना) येतं, दोन्हीकडे साधारण ३५, तरी लागावुलिन जड, तेलकट, शेकोटीजवळ बसल्यासारखी आणि काओल इला हलकी, लिंबाकडे झुकणारी. का, तर भांडी. काओल इलाची स्टिल्स (दारू गाळायची तांब्याची भांडी) कमी भरतात, त्यामुळे वाफ तांब्याला जास्त घासत वर जाते आणि जड अंश खालीच राहतो. लागावुलिनची जवळजवळ काठोकाठ भरतात आणि सावकाश चालवतात. त्यात कट कुठे मारायचा, म्हणजे धार कुठून कुठपर्यंत ठेवायची, हा प्रश्न आहेच. आपल्याकडे पहिल्या धारेचीचं केवढं कौतुक, तिथे पहिली धार बाजूला काढून परत भट्टीत घालतात, आणि धुराचे जड फेनॉल्स तर मागून येतात, म्हणून कट जितका उशिरा तितका धूर जास्त. हे सगळं बॉक्सवरच्या एका आकड्यात कसं मावणार सांगा.

आपल्याकडच्याही पीटी मॉल्ट आहेत, बंगळुरूची अमृत, गोव्याची पॉल जॉन. धूर स्कॉटलंडहून आणलेला, पण ऊन आपलं, बंगळुरूला पिंपातून वर्षाला १०-१२ टक्के माल उडून जातो, स्कॉटलंडमध्ये २ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे चार-पाच वर्षांतच लाकूड भरपूर उतरतं आणि धूर गोडाच्या मागे जाऊन बसतो. मला आवडतात, फक्त आयलाची अपेक्षा ठेवून पिऊ नका.

पीपीएमचं भूत उतरवायचं असेल तर चौघांनी वर्गणी काढा, काओल इला १२ आणि लागावुलिन १६ (हे आकडे वयाचे, वर्षांत) शेजारी शेजारी ठेवा, बर्फ नको, दोन-चार थेंब पाणी, बस. महाराष्ट्राने २०२१ ला इम्पोर्टेड स्कॉचवरची एक्साइज ३०० वरून १५० टक्के केली, तरी खिशाला लागतंच, परमिटही काढून ठेवा. आणि वर्गणी बुडवणारा एक तरी असतोच, त्याला जॉनी वॉकर ब्लॅक द्या, तिच्यातही काओल इला असते.