सी हॉक १/४८ : पंखाची घडी, जेट पाइप आणि तोफांच्या नळ्या

सी हॉक या जुन्या नौदली लढाऊ जेटची १/४८ मापाची प्लास्टिकची प्रतिकृती करतेय. सांगाडा जोडून झाला, पुटी घासून झाली. आता मला ज्यासाठी हे किट घ्यायचं होतं ते काम सुरू झालंय.

बेत असा: भारतीय नौदलाच्या ३०० स्क्वाड्रनचं, म्हणजे पांढऱ्या वाघवाल्यांचं सी हॉक, डिसेंबर १९७१, विमानवाहू विक्रांतच्या डेकवर पंख मिटून उभं. चितगाव आणि कॉक्स बझारवर गेली ती हीच विमानं. पंख पसरलेलं सी हॉक हे एक सुबक जुनं जेट दिसतं. पंख मिटले की ते जहाजावरचं विमान आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. शिवाय कपाटातली जागा वाचते: खऱ्या विमानाचा पंखविस्तार ११.८९ मीटर, मिटल्यावर ४.०६. म्हणजे १/४८ मध्ये पावणेपंचवीस सेंटिमीटरचे साडेआठ होतात.

पण पंख कापला की आतलं सगळं उघडं पडतं, आणि किटमध्ये तिथे फक्त एक सपाट भिंत आहे. तेव्हा दोन्ही बाजूंच्या मिळून चार रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फळ्या, नव्याने करायच्या. पंखाचं कापलेलं टोक स्टॅम्प पॅडवर टेकवून कागदावर ठसा घेतला, तो ०.२५ मिमी प्लास्टिकार्डवर (पातळ प्लास्टिकच्या पत्र्यावर) चिकटवून कापला. भोकं पिन-वाइसने (बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलने) पाडायची, पण आधी लहान ड्रिलने आणि मग गोल कानशीने वाढवत न्यायची. एकदम मोठं ड्रिल घातलं की पातळ पत्रा फाटतो. भोकाच्या कडेची दुमड हवी असेल तर रबरी मॅटवर ठेवून रिकाम्या बॉलपेनचं टोक कडेने हलकं फिरवा. दुमड उमटते आणि प्रायमर मारल्यावर ती झकास दिसते.

जाडीबद्दल एक गोष्ट नव्याने येणाऱ्यांना सांगावीशी वाटते. ०.२५ मिमी म्हणजे खऱ्या मापात १२ मिमी. अशा विमानाचा पत्रा इतका जाड नसतो. रिबला ते चालून जातं, कारण ती समोरून दिसते, तिची कड दिसत नाही. पण घडीपाशी पंखाच्या वरच्या-खालच्या पत्र्याची कड थेट डोळ्यांसमोर येते, आणि किटचं प्लास्टिक तिथे मिलिमीटरभर जाड आहे, म्हणजे जवळजवळ ५ सेंटिमीटरचा पत्रा! ती कड आतून गोल पात्याने खरवडून कागदासारखी करायची. वेळखाऊ आहे, पण सगळ्या कामात सर्वांत जास्त फरक ह्याच एका गोष्टीने पडतो. रिबवर कितीही पाइप टाका, कड जाड राहिली तर ते खेळणंच दिसणार. झाकणं आणि छोटे पत्रे मात्र मी कोल्ड्रिंकच्या कॅनचे करते. तो पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो आणि कात्रीने कापला जातो.

पाइपांसाठी मोटार वाइंडिंगच्या दुकानात जा. इनॅमलची तांब्याची तार तिथे गेजप्रमाणे मिळते, आणि हॉबीच्या दुकानातल्या तारेच्या मानाने अगदी स्वस्त. ३६ गेज (एसडब्ल्यूजी, तारेच्या जाडीचं ब्रिटिश माप) म्हणजे ०.१९३ मिमी, ४८ ने गुणा, ९.३ मिमी येतात, म्हणजे जवळजवळ ३/८ इंची हायड्रॉलिक पाइप. ४० गेजची तार पाव इंची पाइपच्या जवळ जाते. तार आधी काचेखाली लाटून सरळ करायची, मग चिमट्याने वाकवायची, आणि खऱ्या विमानाच्या फोटोत पाइप जिथे रिबमधून आरपार गेलाय तिथे भोक पाडून खरोखरच आरपार न्यायची. नुसती वरून चिकटवलेली तार लगेच ओळखू येते.

मिटलेला पंख बिजागरीच्या कानांवर तोलायचा तर नुसत्या गोंदाच्या भरवशावर राहू नका. कान ०.५ मिमी प्लास्टिकचे, त्यातून आरपार पोलादी तार, आणि पंख रंगकाम संपल्यावरच बसवायचा.

जोडण्याआधी शेपटीकडेही पाहून घ्या. भारताकडे पश्चिम जर्मन नौदलाची विमानंही आली, आणि जर्मनांसाठी बांधलेल्या मार्क १०० व १०१ ची उभी शेपटी उंच होती. म्हणून आधी आपल्या नंबराच्या विमानाचा फोटो, मग कटर. माझं ठेंगण्या शेपटीचं आहे.

आता जेट पाइप. सी हॉकची सगळी गंमत इथेच आहे. रोल्स-रॉइस नीन इंजिन धडाच्या मध्यात, हवा पंखांच्या मुळाशी दोन्हीकडून आत येते, आणि धूरही शेपटीतून न जाता विजारीच्या दोन पायांसारखा दुभंगून पंखांमागे दोन बाजूंनी बाहेर पडतो. त्यामुळे मागचं धड इंधनाला मोकळं मिळालं. किटमध्ये मात्र तिथे उथळ वाटी आहे, टॉर्च मारला की बूड दिसतं. वाटी कापून टाकली. ब्रशच्या लाकडी दांड्याला लंबगोल आकार देऊन त्यावर इलेक्ट्रिकच्या दुकानातली हीट-श्रिंक स्लीव्ह चढवली आणि गरम हवेने आवळली. आत सांधा नाही, भिंत पातळ, आणि नळी पुढे-आत अशी वळवली की तिचं टोक नजरेच्या टप्प्यातून जातं. मला तेवढंच हवं होतं. इंजिनापर्यंत कोणी पाहू शकत नाही, मग तिथे काही बांधायचंही नाही.

तोंडाशी नळी धडात कशी मिसळते हे छापील आराखड्यांवरून कळत नाही. गोव्यात दाबोळीजवळ नौदलाच्या हवाई संग्रहालयात सी हॉक उभं आहे, तिथे पंखामागे उभं राहून तिरके फोटो काढून घ्या. संग्रहालयातल्या विमानाच्या रंगावर विसंबायचं नाही, आकार मात्र डोळे मिटून घ्यावा.

तोफांचं काम त्यामानाने चटकन झालं. कॉकपिटखाली २० मिमीच्या चार हिस्पानो तोफा. २० भागिले ४८ म्हणजे ०.४१७, आणि २२ गेजच्या, काळ्या बुडाच्या इंजेक्शनच्या सुईचं आतलं भोक ०.४१ मिमी! याहून चांगली नळी विकतही मिळणार नाही. सुई पक्कडीने तोडली तर तोंड चेपतं. त्रिकोणी कानशीच्या धारेखाली ती फिरवत चौफेर खाच पाडा, मग हलक्या हाताने मोडा, आणि तोंड बारीक पॉलिश पेपरवर उभं धरून घासा. डोळ्यांना चष्मा हवाच, तुकडा उडतो.

उरलं नाकातलं वजन. मागे पंखांच्या घडीत भर पडली तशी शेपटी जड होत चालली आहे, आणि नाकात जागा थोडी. मासेमारीचं शिसं चपटं करून कॉकपिटच्या तळाखाली आणि नाकचाकाच्या कप्प्याभोवती ठासलंय. सध्या मास्किंग टेपने जोडून तिन्ही चाकांवर उभं राहतं. इजेक्शन सीट आणि तिच्या माथ्यावरचं तोंडावर ओढायच्या पडद्याचं हँडल पुढच्या खेपेला.