तुम्ही विचारलंत म्हणून: लोक नको म्हणत होते, तरी फौज गेलीच कशी?

पुण्याला परत आल्यापासून हा प्रश्न मला अधूनमधून येतोच. जगात कुठे युद्ध पेटलं आणि ‘आणखी सैन्य पाठवणार’ अशी बातमी आली, की सोसायटीच्या कट्ट्यावर कुणीतरी म्हणतं, “तुम्ही तेव्हा तिकडेच होतात ना? अर्ध्याहून जास्त अमेरिका विरोधात होती म्हणे. मग बुशनं इराकमध्ये आणखी फौज धाडलीच कशी? आणि हे आपल्याला लोकशाही शिकवणार!” यातलं शेवटचं वाक्य हा काही प्रश्न नाही, पण ते कधी चुकत नाही.

तर हो, तिकडेच होते. २००५ ते २००९, मिनेसोटात, मिनियापोलिसच्या एका उपनगरात. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली, त्यामुळे नोकरीची परवानगी नाही आणि मतदानाचा तर संबंधच नाही. बातम्या बघायच्या आणि दारातला बर्फ उपसायचा, हा माझा हिवाळा.

कट्ट्यावरची माहिती बरोबर आहे. नोव्हेंबर २००६च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या पक्षानं काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, दोन्ही सभागृहं गमावली, आणि त्यात इराकचा वाटा मोठा होता. दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचा राजीनामा जाहीर झाला. डिसेंबरात इराकबद्दल सल्ला द्यायला नेमलेल्या बेकर-हॅमिल्टन समितीचा अहवाल आला, त्याचा रोख लढाऊ सैन्य हळूहळू मागे घेण्याकडे होता. सगळ्यांना वाटलं, आता आवरतं घेतील. आणि १० जानेवारी २००७च्या रात्री बुश टीव्हीवर आले ते आणखी वीस हजारांहून जास्त सैनिक पाठवतोय, हे सांगायला. त्या दिवसांतल्या मतचाचण्यांत दहातले साधारण सहा जण याच्या विरोधात होते.

सरकारनं याला नाव दिलं ‘सर्ज’. म्हणजे उधाण, भरती. आपल्याकडे भरती समुद्राचीही असते आणि सैन्याचीही, त्यामुळे मला तो शब्द ऐकून हसू यायचं. पण नाव हुशारीनं निवडलेलं होतं. भरती म्हटली की पाठोपाठ ओहोटी आलीच.

ही भरती कुठून आली ते मी शेजारच्या घरात पाहिलं. शेजारणीचा नवरा नॅशनल गार्डमध्ये होता. ही माणसं एरवी आपापल्या नोकरीधंद्यात असतात आणि महिन्यातला एक शनिवार-रविवार कवायतीला जातात. हा शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. मिनेसोटाच्या त्यांच्या ब्रिगेडमधले अडीच हजारांवर लोक इराकमध्ये होते आणि मार्चमध्ये परत यायचे होते. तिच्या फ्रिजवर कॅलेंडर लावलेलं होतं, त्यात मार्चच्या पानावर मुलानं हिरव्या खडूनं विमान काढलेलं. भाषणाच्या दुसऱ्या दिवशी जाहीर झालं की या ब्रिगेडचा मुक्काम १२५ दिवसांनी वाढवलाय. तिला हे टीव्हीवरून कळलं.

म्हणजे ‘आणखी सैन्य’ ते हे. काही तुकड्या ठरल्यापेक्षा आधी पाठवायच्या आणि घरी निघालेल्यांना थांबवून ठेवायचं. एप्रिलमध्ये तर तिथल्या आणि तिकडे जाणाऱ्या नियमित सैन्याची पाळीच बारा महिन्यांवरून पंधरा महिन्यांची केली. पाहुणे वाढले की आपण वरणात पाणी वाढवतो, तशातला प्रकार.

मी तेव्हा एक मूर्खपणा केला. ती गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती आणि मी तिला म्हटलं, “आता तरी तू या युद्धाच्या विरोधात असशील.” तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, “आहे ना. पण तो तिथे असताना त्याच्या गाडीच्या चिलखताचे पैसे कुणी कापायला निघालं, तर मी त्याच्याही विरोधात आहे.” तिच्या गाडीच्या मागे ‘सपोर्ट अवर ट्रूप्स’चं पिवळ्या रिबिनीचं मॅग्नेट होतं.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिनं तिथेच दिलं. मतचाचणीत आणखी सैन्य पाठवायला नको म्हणणारे बहुसंख्य होते, आणि तिथल्या सैन्याचे पैसे तोडायलाही नको म्हणणारे बहुसंख्यच होते. बरीचशी माणसं दोन्हीकडे तीच. तिकडे सेनापती राष्ट्राध्यक्ष आणि तिजोरी काँग्रेसची. अडवायचं तर हुकमी हत्यार एकच, पैसा. १६ फेब्रुवारीला प्रतिनिधिगृहानं २४६ विरुद्ध १८२ मतांनी सैन्यवाढीला नापसंती दाखवली, पण तो ठराव कुणावर बंधनकारक नव्हता, आणि सेनेटमध्ये तर तो मतदानापर्यंतही पोचला नाही. मग खर्चाच्या विधेयकाला परतीची मुदत जोडून पाहिली. १ मे रोजी बुशनी नकाराधिकार वापरला. मेअखेर मुदतीशिवाय पैसे मंजूर झाले. हत्यार हातात होतं, पण शेजारणीसारख्या बायकांसमोर ते उगारणार कोण?

उरलेलं निम्मं उत्तर मला जास्त टोचतं. १९७३ नंतर अमेरिकेत सक्तीची लष्करभरती नाही. व्हिएतनामच्या वेळी सोडतीत कुणाच्याही मुलाचा नंबर लागू शकायचा, म्हणून कॉलेजं पेटली. २००७ साली त्या दहातल्या सहांपैकी बहुतेकांच्या घरातून कुणी गेलेलंच नव्हतं. विरोध खरा होता, पण त्यासाठी कुणाची झोप जात नव्हती. मॉलमधली गर्दी तसूभर कमी झाली नाही. मलाही एकदा संध्याकाळी चाचणीवाल्यांचा फोन आला, मी पोळ्या लाटत होते. मतदारयादीत नाव आहे का? नाही. धन्यवाद. बोलायची फार इच्छा होती हो!

आता ते ‘आपल्याला शिकवणार’. त्याच इराकसाठी २००३ मध्ये अमेरिकेनं भारताकडेही एक डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिक, मागितली होती. त्याआधी एप्रिलमध्ये लोकसभेत हल्ल्याविरुद्ध ठराव झाला, तेव्हा इंग्रजी शब्द सौम्य हवा की कडक यावर घोळ झाला आणि शेवटी ‘निंदा’ हा हिंदी शब्द घेऊन सगळ्यांनी सुटका करून घेतली. मराठी कानाला निंदा म्हणजे पाठीमागे केलेली कुजबुज, पण असो. १४ जुलैला वाजपेयी सरकारनं सैन्य पाठवायला नकार दिला. कट्टा इथे खूश होतो. मग मी श्रीलंका काढते. १९८७ साली शांतिसेना म्हणून गेलेलं आपलं सैन्य वाढत वाढत कित्येक हजारांवर गेलं, परतायला मार्च १९९० उजाडला, आणि अकराशेहून जास्त जवान गेले. त्यात मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, मरणोत्तर परमवीरचक्र. तेव्हा तुम्हाआम्हाला कुणी फोन करून विचारलं होतं का? आधीच नाही म्हणणं जमतं. गेल्यावर पुरे म्हणणं कुणालाच सोपं जात नाही, आपल्यालाही नाही.

आणि एक, जे कट्ट्याला आवडत नाही. २००७ मध्ये ९००वर अमेरिकन सैनिक मेले, इराकी तर हजारोंनी. पण वर्ष सरता सरता हिंसा खरंच उतरू लागली. त्याचं श्रेय वाढीव फौजेला किती आणि अल-कायदावर उलटलेल्या सुन्नी टोळ्यांना किती, यावर अजून भांडणं आहेत. सैन्यवाढीबद्दलचं लोकांचं मत त्यानंतर जरा मवाळ झालं, मूळ युद्ध चुकलं हे मत मात्र हललं नाही. मार्च २००८ मध्ये एका मुलाखतीत उपाध्यक्ष चेनींना विचारलं, दोन तृतीयांश लोकांना हे युद्ध लढण्याजोगं वाटत नाही. ते म्हणाले, “सो?” म्हणजे आपलं, “मग?”

शेजारणीचा नवरा जुलैमध्ये आला. मी शिरा घेऊन गेले. तो फार बारीक झाला होता आणि उठून उठून दाराशी जात होता. माझे आभार मानायचे म्हणून त्यानं विचारलं, आमच्या दारातला बर्फ किती वेळा उपसलास? मी म्हटलं, कोण मोजतंय.

“अकरा,” शेजारीण ओट्यापाशी उभी होती, ती म्हणाली. “मार्चनंतर चार.”