आमची वाटचाल : आजी, फॅन बंद करू का?

आमचा मूळ धंदा साऊंड सर्व्हिसचा. सोलापुरात मिरवणुकांना काही कमी नाही, गणपती, नवरात्र, जयंत्या, वराती, त्यामुळे बेस आणि टॉपचे स्पीकर, अँप्लिफायर, जनरेटर असं दोन गोडाऊन भरून सामान होतं आणि मी नि माझा मेव्हणा कानात कापूस घालून टेम्पोच्या मागं चालायचो. मार्च २०२० मध्ये सगळं बंद पडलं. हप्ते तेवढे चालू होते.

कीर्तनं रेकॉर्ड करायला घेतलेला एक छोटा रेकॉर्डर घरात पडून होता. मेव्हण्यानं एका दुपारी तो सहज माझ्या आजीजवळ ठेवला. आजी बाहत्तरच्या दुष्काळानंतर गावाकडनं शहरात आली आणि तेव्हापासून विड्याच वळत आली. भिजवलेली पानं मांडीवर घेऊन कात्रीनं कापत बसली होती आणि बडबडत होती. रात्री हेडफोन लावून ऐकलं तर कात्रीचा कचकच आवाज, सुपात पडणारी विडी, मधेच खोकला, आणि रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, मिलोच्या, म्हणजे बाहेरच्या देशातनं आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खायची, पाळण्यातलं पोरगं बाभळीला टांगून ठेवायची हे सगळं. ते पोरगं म्हणजे माझे वडील. मला हे माहीतच नव्हतं. आजीला विचारलं आधी का नाही सांगितलं, तर म्हणाली त्यात काय सांगायचं, सगळेच फोडत होते.

शेजारच्या काकांच्या मुलानं पुण्यात ते ऐकलं आणि माझ्या बाबांचं पण करून द्या, पैसे देतो म्हणाला. झाला म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायचा धंदा सुरू. बिझनेस प्लॅन वगैरे काही नव्हता आणि खरं सांगायचं तर अजूनही नाहीये.

पहिलं वर्ष आमचं सगळं चुकलं. आम्हाला वाटायचं माईक चांगला असला की झालं. एकदा तीन तास बसून एका रिटायर मास्तरांचं घेतलं आणि घरी येऊन ऐकतो तर मेव्हण्याचा मोबाईल खिशात, दर दहा मिनिटांनी ते टिडिक टिडिक टिडिक. परत गेलो, सॉरी म्हणालो, मास्तरांनी परत सांगितलं पण पाठ केल्यासारखं. तेव्हापासून दारातच मोबाईल एअरप्लेन मोडवर. घरघर नको म्हणून फ्रिज बंद करायचा आणि गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे जाताना फ्रिज चालू करायचं विसरत नाही. ही युक्ती जगभरचे साऊंडवाले करतात, पण सोलापुरात एका काकूंनी दुधाच्या पातेल्याशेजारी चावी बघून आम्हाला जवळपास हाकललंच होतं.

फॅनचं तर विचारूच नका. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो इथं, ऐंशी वर्षांच्या माणसाला फॅन बंद करू का विचारायला तोंड होत नाही. म्हणून उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला बसतो. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ज्या दिवशी पाणी त्या दिवशी रेकॉर्डिंग नाही, कारण घरात कुणीच जागेवर नसतं. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असली की महिनाभर कुणी वेळ देत नाही, आणि आम्ही पण कशाला मागू, आम्ही पण गड्ड्यावरच असतो.

पण खरी अडचण मशीनची नाहीच. माणसं माईक बघितला की शुद्ध बोलायला लागतात. चांगलं यायलाव, करायलाव बोलणारा माणूस एकदम "मी त्या काळी कार्यरत होतो" वर जातो. आणि आपलं सांगायचं सोडून इतिहास सांगतो. सोलापूरकर असेल तर हमखास १९३० चा मार्शल लॉ, मग चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१, येरवड्यात फाशी. सगळं बरोबर असतं, अभिमानानं ऊर भरून येतो, पण काका, हे चार पुतळ्यांच्या चौकात पण लिहिलंय, तुमचं काय?

आम्ही अडवत नाही. ऐकतो. पहिला पाऊण-एक तास असाच जातो हे आता धरूनच चालतो, तासाला अर्धा जीबी जागा जाते, जाऊ दे. मग कधीतरी शेजारीण वाटी घेऊन येते, किंवा नातू दार आपटतो, आणि आजीबाई त्याच्यावर आपल्या खऱ्या भाषेत ओरडतात, अर्धं तेलुगू अर्धं मराठी, आणि तिथून पुढं गाडी वळते. परत शुद्धवर येतच नाही. म्हणून शेजारीण आली की आम्ही रेकॉर्डर बंद करत नाही, मेव्हणा तर म्हणतो शेजारणीला मानधन द्यायला पाहिजे.

मागावर काम केलेल्या माणसांचं वेगळंच. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, कुठल्याही गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, आयुष्य काढलेला माणूस ओरडूनच बोलतो, कारण तिथं ओरडल्याशिवाय ऐकू जायचं नाही, आणि बऱ्याचदा ओरडून पण नाही, मग हातानं खुणा. कितीही लेव्हल कमी करा, आवाज फाटल्याचा लाल दिवा लागणारच. एक काका भोंग्याची गोष्ट सांगता सांगता खुणा करायला लागले, सूत तुटलं, जॉबर म्हणजे मुकादम येतोय, चहा, सगळ्याच्या खुणा. आता ऑडिओमध्ये खुणा कशा दाखवणार. त्यांची बायको शेजारून एकेक खूण सांगत गेली, आणि ती हसत होती, आणि मला वाटतं आमच्या सगळ्या रेकॉर्डिंगमधलं ते सगळ्यात भारी आहे. कापलं नाही त्यातलं काहीच, एक तास बावीस मिनिटं.

पैशाचं सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. आमची निम्मी कमाई सहस्रचंद्रदर्शनाची आहे. मुलं बेंगलोरला नाहीतर अमेरिकेत, आईबाबांचा कार्यक्रम करायचा, त्यात ऐकवायला दहा मिनिटांचं पाहिजे, आणि मागं बासरी. बासरी घाला हो! मी आधी भांडायचो. आता दहा मिनिटांचं बासरीवालं मेव्हणा करतो आणि पेन ड्राईव्हवर पूर्ण पण देतो, बासरी नसलेलं. त्या पैशातून सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई वसाहतीत जातो, विडी कामगारांची दहा हजार घरं आहेत तिथं, त्या बायकांकडून एक रुपया घेत नाही. एका मोठ्या कंपनीनं याच बायकांचे एक-एक मिनिटाचे रील करून मागितले होते, दुःखी म्युझिक टाकून. रक्कम चांगली होती. बायकोनं कोटेशन बघितलं आणि नुसती माझ्याकडं बघत राहिली, मग नाही पाठवलं.

एकदा मात्र फार वाईट वाटलं. एका घरच्या आजींनी वाटणीत जमीन कशी गेली, कुणी कागदावर अंगठा घेतला, सगळं शांतपणे सांगितलं. पैसे देणारा मुलगा म्हणाला तेवढं उडवा. आजींना विचारलं तर म्हणाल्या राहू दे, मी खोटं बोलले का? आम्ही नाही उडवलं, त्यानं पैसे नाही दिले, वर चार ठिकाणी आमचं नाव खराब केलं. तेव्हापासून नियम लिहूनच देतो. पहिली कॉपी बोलणाऱ्याला, काय ठेवायचं काय काढायचं तोच सांगणार, बिल कुणी का भरेना. यामुळं ऑर्डर कमी येतात. येऊ देत कमी.

बेस विकले, टॉप ठेवलेत चार, गणपतीत अजून भाड्यानं देतो. खोटं कशाला बोलू, त्यावर आमच्या जागेचं तीन महिन्यांचं भाडं निघतं.

सध्या एका रिटायर जॉबर काकांचं चालू आहे. चार बैठका झाल्या, अजून त्यांचं लग्न पण झालेलं नाही. सून विचारत होती किती दिवस चालणार. मी म्हणालो काकांना विचारा. काका म्हणाले मंगळवारी पाणी नाही आलं तर या.