तलावापासून 100 मीटर

मी राहतो त्या स्वीडनमध्ये तळं तुमच्या जमिनीला लागून असलं, तरी काठावर मनासारखं घर बांधता येत नाही. काठापासून साधारण 100 मीटर, जमिनीकडे आणि पाण्याकडेही, नव्या बांधकामाला मनाई. काही ठिकाणी हीच मर्यादा 300 मीटर. सूट मागता येते, पण कारण सबळ लागतं. काठ सगळ्यांना फिरायला मोकळा राहावा आणि तिथल्या झाडा-जिवांना धक्का लागू नये, म्हणून हा कायदा. एका कुटुंबाच्या विजेच्या तारेविना चालणाऱ्या घराचं काम करताना तो माझ्यासमोर आला आणि मनापासून पटला. कितीही पैसेवाला असो, काठ त्याच्या एकट्याचा होत नाही.

म्हणून गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या शेतात आई-बाबांसाठी तसंच घर आखताना मी ते तलावापासून मागे नेलं. चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "काहून रे भाऊ, तलाव समोर असून घर पार धुऱ्यावर?"

कारण आपला तलाव इथल्या, स्वीडनच्या तळ्यासारखा एका जागी थांबत नाही. भर पावसाळ्यात सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर पडतं तिथवर, लागलेलं पाणी उन्हाळ्यात इतकं मागे जातं, की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. मे महिन्यात काठ बघून पाया खणणारा पावसाळ्यात पाण्यात उभा राहील. शोषखड्डा जवळ असला, तर त्यातली घाण झिरपून तलावात जाणार. आणि ढिवरांनी जाळी कुठून न्यायची, गुरांनी पाण्यावर कुठून उतरायचं? आपल्या कोहळी समाजातल्या पूर्वजांनी हे तलाव सगळ्यांच्या धानासाठी बांधले, तेही इथल्या कायद्याच्या कितीतरी आधी. सामायिक पाणी म्हणजे काय, हे आम्हाला युरोपनं शिकवायची गरज नाही. फक्त काठ मोजून राखायची शिस्त इथे आहे, ती मी घेतली.

विजेचं गणित मात्र इथून जसंच्या तसं उचलता येत नाही. डिसेंबरात स्टॉकहोमला जेमतेम सहा तास दिवस असतो. आपल्याकडे ऊन भरपूर, पण सौर पॅनेल 25 अंशांपुढे तापलं की दर अंशामागे वीज साधारण 0.3 ते 0.4 टक्के घटते. मे महिन्यात पॅनेल 65 अंशांवर गेलं, तर जवळपास सातवा हिस्सा गेलाच. म्हणून छपराची कवेलू आणि पॅनेल यांच्यामध्ये वारा खेळेल एवढी फट ठेवली आहे. लिथियमची बॅटरी इथे गोठू नये म्हणून उबेत ठेवतात. आमची उत्तरेच्या खोलीत, जाड मातीच्या भिंतीआड राहील. पॅनेल किती लागतील, ते श्रावणातल्या ढगाळ दिवसांवरून ठरवलं.

दूर बसून नियम सांगतो, असं गावात कुणी म्हणेल. पण दूर आलो म्हणूनच हे शिकलो, आणि ते आई-बाबांच्या कामी येत असेल तर इथली वर्षं वाया गेली असं मी मानत नाही. पाणी सांडव्याला लागेल तेव्हा बाबा काठावर खुंट्या ठोकतील. 100 मीटर तिथून मोजायचे.